पहिला स्रोत

एकोणसाठ टक्के. आकडा लाल चौकटीत होता आणि त्याच्या खाली, मजकूर कुठून उचलला त्याची यादी येते तिथे, पहिल्याच ओळीत माझं नाव होतं. डॉ. सिंधु बिरादार. पुढे माझ्या शोधनिबंधाचं शीर्षक, नियतकालिकाचं नाव, वर्ष. प्रबंध बुद्धप्रियाचा, ऑनर्सच्या चौथ्या वर्षाचा, आणि मार्गदर्शक मी. दहा टक्क्यांच्या वर मजकूर जुळला की प्रबंध परत, आणि प्रबंध परत गेला की ऑनर्स गेलं, साधी पदवी घेऊन घरी जायचं, हा नियम मीच पोरांना वर्गात तीन वेळा वाचून दाखवला होता, तोही बोट वर करून. ग्रंथालयाची मेल आली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि मी आमच्या ऑनर्स कक्षात एकटीच बसले होते. कक्ष म्हणजे पूर्वीची केमिस्ट्रीची स्टोअररूम. दारावर नवी पितळी पाटी लावली, भिंतीतला ॲसिडचा वास मात्र गेला नाही. नांदेडचा मे महिना, बाहेर फुफाटा, एसीखाली बादली. मला आधी लाज वाटली असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. मला राग आला. मशीनचा आला, ग्रंथपालाचा आला आणि सगळ्यात जास्त त्या पोरीचा आला. एवढी हुशार ना, मग दोन वर्षांपूर्वीची वाक्यं पुन्हा जशीच्या तशी लिहायची काय गरज होती? हे मी मनात पूर्ण म्हटलं आणि मग मलाच ते ऐकू आलं. वाक्यं तिची होती. आणि तिनं ती लिहायची गरज नव्हती, असं माझं म्हणणं होतं.

दुसऱ्या वर्षाला क्षेत्र प्रकल्प असतो. पोरं ग्रामपंचायतीच्या बोर्डासमोर उभी राहून स्वतःचा फोटो काढतात, सरपंचाचा काढतात, बँकेच्या पाटीचा काढतात, मधे मधे इंटरनेटवरची चार वाक्यं टाकतात, आणि आम्ही न वाचता 'तपासले' लिहून सही करतो. बुद्धप्रियानं एकही फोटो लावला नव्हता. बेचाळीस पानं, हातानं लिहिलेली, निळ्या शाईत, समास सोडून. मुदखेडच्या बाजूला फुलांची शेती आहे. काकडा, गलांडा, शेवंती, सगळं नांदेडच्या बाजारात येतं. फुलं तोडायला तिच्या वस्तीतल्या बायका पहाटे साडेतीनला कपाळाला बॅटरी बांधून जातात आणि सातच्या आत घरी येऊन पुन्हा दिवसाच्या मजुरीला निघतात. तिनं अकरा बायकांना एकच प्रश्न विचारला होता: तुम्ही दिवसातून किती तास काम करता? अकराही जणींनी सकाळी नऊपासून मोजायला सुरुवात केली. पहाट कुणीच धरली नाही. तिची आजी सरजाबाई म्हणाली होती, 'ते काय काम हाय का, ते तर दिस निघायच्या आत होतंय.' हे वाचलं तेव्हा मी बसमध्ये होते. शुक्रवारी संध्याकाळी नांदेडहून लातूरला घरी जायचं आणि सोमवारी पहाटे परत यायचं, हे माझं चौदा वर्षं चालू आहे. लोह्यापर्यंत मी वाचत होते, अहमदपूर आलं तरी मान वर केली नाही, आणि मला आठवतंय, मला आनंद झाला होता. खरा आनंद. शिकवण्याच्या धंद्यात असा दिवस दहा वर्षांत एकदा येतो.

त्या आनंदाचं पुढे काय झालं ते मी अजून नीट सांगू शकत नाही, पण जमेल तितकं सांगते. प्राध्यापकपदासाठी माझी फाईल तयार होत होती आणि एक शोधनिबंध कमी पडत होता. तो एक नसेल तर पुढची मुलाखत कधी, कुणाला ठाऊक. मी लातूरला स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती पानं ठेवली आणि फोनसमोर मोठ्यानं वाचायला लागले. फोन टाइप करतो, आपण बोलायचं. मला टायपिंगचा कंटाळा, माझे सगळे निबंध असेच होतात. सुरुवात नोंदी काढायच्या म्हणून केली होती. पण दुसऱ्याची वाक्यं आपल्या आवाजात तीन तास ऐकली की ती आपली वाटायला लागतात, हे कुणी सांगून पटणार नाही. मी वाचत होते, थांबत होते, एखादा शब्द फिरवत होते, आणि मला खरोखर वाटत होतं की मी विचार करते आहे. पुढे एक सैद्धांतिक प्रकरण जोडलं, शेवटी संदर्भ जोडले. लेखकाच्या नावाच्या रकान्याशी आले तेव्हा तिचं नाव टाकायचं डोक्यात होतं, खोटं कशाला सांगू. फॉर्मवर लेखकाचा हुद्दा मागितला होता. बी.ए. द्वितीय वर्ष असं लिहिलं तर निबंध हलका दिसेल, असं वाटलं. मग शेवटी ते नेहमीचं वाक्य टाकलं, विद्यार्थ्यांच्या सहकार्याबद्दल आभार. विद्यार्थ्यांच्या, अनेकवचनात. तिची फाईल मी तिला परत दिली नाही. मागायला आली असती तर दिली असती.

शेषेराव सर, आमचे विभागप्रमुख, साडेअकराला आत आले. मेल त्यांनाही गेली होती. भला माणूस. हदगावकडचा, शेतात आणि विभागात सारखाच राबणारा, आणि विभागाची पहिली ऑनर्स बॅच बिनघोर बाहेर पडावी एवढीच त्याची इच्छा. त्यांनी दार लावलं, खुर्ची ओढली आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, घाबरून राहिलात का उगीच? आपल्यात हे चालतंच. पोरीला सांगा, शब्द बदल म्हनावं. आठ दिवस हायत. 'काम'च्या जागी 'श्रम' टाक, 'बाया'च्या जागी 'महिला' टाक. आजीचं ते बोलनं काढून टाक अन् सारांश लिही. मशीनला काय अक्कल असती? नऊ टक्क्यांवर येतंय का न्हाई बघा."

"आणि नाही बदललं तर?"

"न्हाई बदललं तर परत. मंग मी तरी काय करनार? नियम तुमीच वाचून दाखवलाव." मग जरा थांबून म्हणाले, "तिची ती दुसऱ्या वर्षाची फाईल हाय का कुठं? दरसाल रद्दीतच जातात ना. गेली असंल तर मंग विषयच संपला. आधी कुनी लिहिलं अन् नंतर कुनी, कोन सांगनार."

फाईल लातूरला माझ्या कपाटात होती. मी म्हणाले, "बघते." एवढा एक शब्द बोलायला मला किती सोपं गेलं. ते गेल्यावर मी बराच वेळ ॲसिडचा वास घेत बसले. मी चांगली शिक्षिका आहे. हे मी कुणाच्या तोंडावर म्हणेन. माझ्या हाताखालून गेलेल्या पोरी आज तीन जिल्ह्यांत शिकवतात. एका चुकीपायी हे सगळं पुसलं जावं असं मला वाटत नव्हतं, आणि एका चुकीपायी तिचं सगळं पुसलं जाणार होतं हे मला दिसत होतं. दोन्ही खरं होतं, आणि मी दिवसभर पहिल्याकडेच बघत राहिले.

दुपारी तिला बोलावलं. ती दारात चप्पल काढून आत आली. कुणी सांगितलं नसताना ती नेहमीच काढते आणि मी नेहमी 'असू दे' म्हणते. त्या दिवशी म्हणाले नाही. मुदखेडच्या पॅसेंजरनं येते, वडील नरसिंग रेल्वेत गँगमन आहेत, घरात शिकलेली ती पहिली. मी अहवाल तिच्यासमोर ठेवला आणि शेषेराव सरांचीच वाक्यं तिला सांगितली. काम, श्रम. बाया, महिला. बोलताना माझा आवाज वर्गातला होता, समजावून सांगणारा. तिनं कागद हातात घेतला नाही, बसल्या जागेवरूनच वाचला.

"मॅडम, आजी जसं बोलली तसं लिहिलंय. मी ते कसं बदलू?"

"सारांश लिही."

"सारांश कुनाचा, तिचा का तुमचा?"

ती भांडत नव्हती, आवाजही चढवला नव्हता. मग म्हणाली, "तुमचा निबंध मी वाचलाय. मागच्या साली, उन्हाळ्याच्या सुट्टीत. आजीला वाचून दाखवला."

"काय म्हणाली आजी?"

"म्हनली, बाईनं चांगलं लिहिलंय. ते माझ्या फाईलमधलं हाय हे मी सांगितलंच न्हाई तिला."

"मग तेव्हाच का नाही आलीस माझ्याकडे?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. चार वर्षांत तिनं माझ्याकडे असं सरळ कधी पाहिलं नव्हतं. "मार्क तुमच्या हातात हायत, मॅडम. फाईल पन तुमच्याकडंच हाय. माझ्यापाशी काय हाय? कच्ची वही, तिच्यावर ना सही ना तारीख." मग उठली, दाराशी चप्पल घातली आणि वळून म्हणाली, "मी एक शब्द बदलनार न्हाई. परत आला तर परत येऊ द्या. घरी सांगून आलेय मी." तिनं हे सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं, ग्रंथालयाची मेल यायच्या कितीतरी आधी. हा अहवाल असा येणार हे तिला माहीत होतं. दुसरं काहीतरी लिहून ती सहज सुटली असती. ती मुद्दाम तीच वाक्यं घेऊन पुन्हा माझ्यासमोर आली होती. मला तिचा राग आला, आणि त्या रागाखाली असं काही वाटलं की ही पोरगी माझी असती तर मी गावभर सांगत फिरले असते.

शुक्रवारच्या बसमध्ये मी काही वाचलं नाही. लातूर जवळ आलं की क्लासवाल्यांचे फ्लेक्स सुरू होतात, गुणवंतांचे चेहरे, प्रत्येकाच्या खाली टक्के. तसल्याच एका जुन्या रांगेत कधीकाळी माझाही चेहरा होता, फ्लेक्सवर नव्हे, वर्तमानपत्रात, अंगठ्याएवढा. उदगीरजवळच्या खेड्यातून माझ्या आईनं, अव्वानं, मला शिकायला इथे ठेवलं तेव्हा वर्गातल्या सरांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं लिहील त्याला पूर्ण मार्क. मी लिहिलं. पानंच्या पानं डोळे मिटून लिहिली, स्वल्पविरामासकट. आम्हाला याचंच बक्षीस मिळालं, याच्यावरच नोकऱ्या लागल्या, आणि मग एके दिवशी नव्या शिक्षण धोरणानं आम्हाला ऑनर्सचं मार्गदर्शक केलं आणि सांगितलं, मुलांना मौलिकता शिकवा. हे मी सबब म्हणून सांगत नाही. सबब म्हणूनच सांगते आहे, पण ती खरीही आहे.

शनिवारी कपाटातून फाईल काढली. निळी शाई थोडी फिकी झाली होती. शेवटच्या पानावर माझी सही, तारीख, आणि लाल पेनात लिहिलेलं, 'अतिशय सुंदर, हे छापलं पाहिजे.' हे मी लिहिलं होतं हे मी साफ विसरले होते. नवऱ्यानं चहा आणून ठेवला, फाईल बघून विचारलं, "काय आहे?" मी म्हणाले, "एका मुलीचं काम." तो गेला. ही फाईल चुलीत घालायची तर आता घरात चूलही नाही, असा एक मूर्ख विचार मनात आला. मग ती पिशवीत घातली आणि वैजनाथ सरांकडे गेले.

वैजनाथ सर माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक. निवृत्त होऊन लातुरातच बंगला बांधलाय. बावीस वर्षांत मी त्यांना विचारल्याशिवाय काही मोठं केलेलं नाही. मी सगळं सांगितलं, काही न वगळता, आणि बोलताना मला जाणवत होतं की मी शिक्षा मागायला आलेली नाही, माफी न्यायला आले आहे. सरांनी ती लगेच दिली. हसले. "सिंधु, अगं एवढंच ना? मला वाटलं काय झालं. मार्गदर्शकाचा हक्कच असतो तो. तुझं ते उदगीरच्या भुसार बाजारातल्या हमालांचं प्रकरण, माझ्या पुस्तकात तिसरं आहे बघ, मी तर एक काना-मात्रा बदलला नव्हता. तू काही बोललीस का? उलट पेढे घेऊन आलीस."

मी पेढे घेऊन गेले होते हे खरं. सहा महिने मी त्या बाजारात हमालांसोबत पोत्यांवर बसले होते, कन्नड बोलणाऱ्यांशी कन्नडमध्ये बोलले होते, आणि पुस्तक हातात आल्यावर ते प्रकरण मी वाचलंच नव्हतं. चाळलं होतं. सरांनी ते कितीतरी सुधारलं असणार, आपल्याला एवढं कुठलं येतंय, असं मी धरून चालले होते. इतकी वर्षं धरून चालले होते.

"माझं नाव कुठे आहे त्यात, सर?"

"प्रस्तावनेत आहे की. 'माझ्या विद्यार्थ्यांचं सहकार्य.'" सर अजून हसतच होते. मायेनं हसत होते, तेच फार वाईट होतं. "ही रीतच आहे. मी तुझं घेतलं, तू तिचं घे, उद्या ती प्राध्यापक झाली की कुणाचं तरी घेईल."

"ती नाही घेणार," मी म्हणाले.

"तुला काय माहीत?"

"तिनं आताही नाही घेतलंय. स्वतःचंच परत मागतेय." मी उठले. सर म्हणाले, बस, जेवून जा. उंबऱ्याशी येऊन त्यांनी सवयीनं पाय थोडे पुढे घेतले, मीही सवयीनं वाकायला लागले, आणि कंबरेतून अर्धी वाकलेली मी सरळ झाले. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या पाया न पडता निघाले. रिक्षात बसल्यावर मला बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं.

सोमवारी शेषेराव सरांच्या टेबलावर मी फाईल ठेवली आणि तिच्यावर माझ्या हातानं लिहिलेलं एक पान. शोधनिबंधातला मजकूर माझा नाही, तो बुद्धप्रियाचा आहे, सोबत मूळ प्रत जोडली आहे. सरांनी दोन्ही वाचलं. शेवटच्या पानावरचा माझा लाल शेरा बघून त्यांनी चष्मा काढला.

"मॅडम, हे काय करून राहिलाव? मुलाखत हाय तुमची पुढल्या म्हयन्यात."

"नसेल आता."

"आवो, नुसती पदोन्नती न्हाई जात. चौकशी लागती. ऑनर्स काढून घेतील तुमच्याकडून. पेपरात येईल."

"येऊ द्या."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग त्यांना सुटका सापडली आणि त्यांचा चेहरा उजळला. "असा कबुलीचा नमुनाच न्हाई आपल्याकडं. नियमात तक्रारीचा हाय. ज्याचं गेलं त्यानं लिहून द्यायचं, मंग ते समितीकडं जातंय, मंग पोरीचा प्रबंध मोकळा. तिनं लिहून दिलं तर पुढं बघू. पन ती कशाला देईल? तुमच्याच हाताखालची पोरगी. सोडा हे, मॅडम. पान घेऊन जावा तुमचं."

मी पान घेतलं नाही. बाहेर जाऊन बुद्धप्रियाला ग्रंथालयातून घेऊन आले. येताना जिन्यात तिला सांगितलं काय ते. ती मधल्या पायरीवर थांबली.

"मी तुमच्याविरुद्ध लिहून दिलं, मॅडम, तर बाकीचे सर लोक सोडतील का मला? बुधवारी व्हायवा हाय माझी."

तिला धीर द्यावा असं फार वाटलं. कुणी काही करणार नाही, मी आहे, असं काहीतरी. मी आहे म्हणजे कोण? "नाही सोडणार," मी म्हणाले. "काही जण तरी डूख धरतील. पण फाईल सरांच्या टेबलावर आहे आणि तिच्यावर माझी सही आहे. ती आता कुणाला रद्दीत घालता येणार नाही. लिहायचं की नाही ते तू ठरव."

तिनं ठरवायला दोन पायऱ्या घेतल्या. शेषेराव सरांनी छापील नमुना पुढे केला आणि सवयीनं म्हणाले, "मॅडम, मजकूर सांगा तिला." मीही सवयीनं तोंड उघडलं. ती खुर्चीत बसत म्हणाली, "सांगू नका. मी लिहिते." आणि लिहायला लागली. वीस मिनिटं लिहीत होती. पंख्यानं कागद उडू नये म्हणून डावा हात वर ठेवला होता. शेषेराव सर खिडकीबाहेर बघत होते. मी उभी होते. बसावं असं मला कुणी म्हणालं नाही आणि ते बरोबरच होतं.

लिहून झाल्यावर तिनं कागद सरांना दिला नाही, माझ्याकडे दिला. तिच्या अक्षराला चार वर्षांत वळण आलं होतं. मी, बुद्धप्रिया नरसिंग गजभारे. माझ्या आजीनं, आईनं आणि वस्तीतल्या बायांनी मला जे सांगितलं ते डॉ. सिंधु बिरादार यांनी स्वतःच्या नावावर छापलं. त्यांना ते आवडलं होतं. त्यांनी माझ्या फाईलवर तसं लिहिलं होतं आणि वर्गात सगळ्यांपुढे माझं कौतुक केलं होतं. त्यानंतर त्यांनी चोरी केली. मी वर्षभर गप्प राहिले कारण मला त्यांची भीती वाटत होती.

भीती. मला वाटलं होतं तिला माझा आदर वाटतो. आणि चोरी हा शब्द मी स्वतःच्या पानात लिहिला नव्हता. मी लिहिलं होतं, 'योग्य श्रेय न देता वापर'. माझा हात टेबलावरच्या पेनाकडे गेला. एक शब्द. अनुचित वापर म्हणता आलं असतं, समितीपुढे तेच बरं दिसलं असतं, तिच्याही भल्याचंच होतं, आणि चौदा वर्षं मी पोरांच्या कागदावर हेच करत आले आहे, त्यांना नेमकं काय म्हणायचं आहे ते मी त्यांना लिहून देत आले आहे. पेन माझ्या हातात होतं आणि ती माझ्या हाताकडे बघत होती. डोळ्यांत विनवणी नव्हती, भीतीही नव्हती. मी काय करते ते तिला फक्त बघायचं होतं.

मी तिच्या सहीखाली लिहिलं, 'वरील मजकूर शब्दशः खरा आहे', आणि सही केली. कागद तिच्याकडे परत दिला. तिनं तो पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला, माझ्या ओळीपाशी थांबली आणि कागद माझ्यासमोर सरकवला.

"तारीख टाका, मॅडम."